दुःखाचा हिशेब आणि दुःखातील सोबत : काशीचे नीळकंठशास्त्री गोऱ्हे आणि ख्रिस्ती उत्तर

काशी ही मोक्षदायिनी नगरी म्हणून सर्वांना ठाऊक आहे. परंतु मोक्षाची आस ज्यामुळे लागते त्या दुःखाचा विचार या नगरीत आणि तिच्या परिसरात जितक्या सातत्याने झाला, तितका तो अन्यत्र क्वचितच झाला असेल. जवळच्या सारनाथ येथे बुद्धांनी आपले पहिले प्रवचन केले आणि दुःख, दुःखाचे कारण, दुःखाचा निरोध व त्या निरोधाचा मार्ग अशी चार आर्यसत्ये सांगितली. काशीच्या पाठशाळांत सांख्यशास्त्र शिकणारा विद्यार्थी आरंभीच त्रिविध तापाला सामोरा जातो : शरीर व मन यांतून उद्भवणारा आध्यात्मिक, इतर प्राण्यांपासून होणारा आधिभौतिक आणि दैवी शक्तींपासून येणारा आधिदैविक. न्यायशास्त्राने तर दुःखाचे एकवीस प्रकार मोजले आणि त्यांत सुखाचीही गणना केली, कारण कोणतेही सुख दुःखाच्या संसर्गावाचून मिळत नाही असे नैयायिक मानतात. या साऱ्या विचाराला लोकश्रद्धेची जोड आहे. काशीत देह ठेवणाऱ्याच्या कानात स्वतः शंकर तारक मंत्र सांगतो, या विश्वासाने शतकानुशतके म्हातारी, आजारी, निराधार माणसे आणि विशेषतः विधवा या नगरीत येऊन राहिल्या. अशा नगरीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एका मराठी पंडितासमोर दुःखाचे ख्रिस्ती उत्तर आले. त्याने ते आधी खोडून काढले, पुढे स्वीकारले आणि स्वीकारल्यावरही ते तपासून पाहणे थांबवले नाही. वैयक्तिक दुःखात ख्रिस्ती अर्थ शोधणे म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यासाठी या पंडिताइतका योग्य सोबती मिळणे कठीण आहे.

नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचा जन्म १८२५ साली बुंदेलखंडात, एका चित्पावन ब्राह्मण घराण्यात झाला. त्यांचे बालपण व शिक्षण काशीत झाले आणि व्याकरण, न्याय व वेदान्त यांचा तेथील परंपरेप्रमाणे अभ्यास करून तरुण वयातच त्यांनी पंडित म्हणून नाव मिळवले. त्या काळी काशीत सिगरा येथे चर्च मिशनरी सोसायटीचे ठाणे होते, आणि विल्यम स्मिथ नावाचे मिशनरी तेथून प्रचार करीत. स्मिथ यांना वादात निरुत्तर करावे या हेतूने नीळकंठशास्त्री त्यांच्याकडे जाऊ लागले. पूर्वपक्ष खोडायचा असेल तर तो आधी नीट समजून घेतला पाहिजे, या शास्त्रीय शिस्तीला अनुसरून त्यांनी ख्रिस्ती धर्मग्रंथ वाचले, आणि त्या वाचनाचा शेवट १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे झालेल्या त्यांच्या बाप्तिस्म्यात झाला. नेहेम्या हे नाव त्यांनी त्या वेळी घेतले. पुढे १८६८ मध्ये ते डीकन, म्हणजे प्राथमिक दीक्षा मिळालेले धर्मसेवक, आणि १८७० मध्ये पूर्ण दीक्षित धर्मगुरू झाले.

बाप्तिस्म्याच्या तीनेक वर्षे आधी याच नीळकंठशास्त्र्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला होता. जॉन म्यूर या स्कॉटिश संस्कृतज्ञाने ‘मतपरीक्षा’ या संस्कृत पुस्तकात ख्रिस्ती मत हेच सत्य धर्माच्या निकषांत बसते असे प्रतिपादन केले होते, आणि नीळकंठशास्त्र्यांचा ग्रंथ हे त्याला दिलेले उत्तर होते. या उत्तराचा एक मुख्य आधार दुःखाचा प्रश्न हाच होता. जन्मतःच कोणी आंधळा, कोणी दरिद्री, कोणी राजपुत्र का होतो? ज्याने अजून कोणतेही कर्म केलेले नाही ते अर्भक वेदनांनी तळमळून का मरते? ज्यांना पापपुण्याची जाणच नाही अशी मुकी जनावरे एवढ्या यातना का भोगतात? पूर्वजन्म न मानणाऱ्या ख्रिस्ती माणसाला या प्रश्नांचे उत्तर देता येत नाही आणि त्यामुळे त्याचा ईश्वर एकतर पक्षपाती ठरतो किंवा निर्दय ठरतो, असे नीळकंठशास्त्र्यांचे म्हणणे होते. अल्पायुषी माणसाच्या मर्यादित पापाला अनंत काळाची शिक्षा सांगणारा नरकाचा सिद्धांत तर त्यांना न्यायाच्या उघड विरोधात जाणारा वाटला.

या आक्षेपामागे वेदान्ताची जुनी मांडणी उभी आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वरावर येऊ शकणाऱ्या दोन दोषांचा विचार आहे : वैषम्य, म्हणजे कोणाला सुख व कोणाला दुःख देण्यातील पक्षपात, आणि नैर्घृण्य, म्हणजे निर्दयपणा. ईश्वर प्राण्यांच्या कर्मांची अपेक्षा ठेवून, म्हणजे त्यांना अनुसरूनच, सृष्टी करतो आणि ही कर्मपरंपरा अनादी आहे, म्हणून हे दोन्ही दोष त्याला लागत नाहीत, असे तेथे उत्तर दिले आहे. या उत्तराचे बळ मान्य केल्याखेरीज पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. कर्मसिद्धांत जगाला नैतिक सुसंगती देतो. कोणतेही कृत्य वाया जात नाही आणि कोणताही भोग अकारण नाही, अशी ग्वाही तो देतो, आणि आपल्या पुढील स्थितीची जबाबदारी माणसाच्याच हाती सोपवून त्याला हताश होण्यापासून वाचवतो. असंख्य माणसांनी या विचाराच्या आधारावर दुःख शांतपणे सोसले आहे.

मात्र या हिशेबाची किंमत दुःखी माणसाकडून वसूल होते. आजचे दुःख जर पूर्वीच्या दुष्कृत्याचे फळ असेल, तर ज्याच्यावर आघात झाला तोच आघाताला जबाबदार ठरतो, आणि जे कृत्य त्याला आठवत नाही त्याचा दोष त्याला आपल्या माथी घ्यावा लागतो. पती गेलेल्या बाईला पांढऱ्या पायाची म्हटले गेले, कुष्ठरोग्याला गावाबाहेर काढले गेले आणि अस्पृश्य ठरवलेल्यांना त्यांची स्थिती पूर्वसंचित म्हणून सांगितली गेली, तेव्हा या सिद्धांताचे मूळ तात्त्विक रूप बाजूला राहून त्याचा आधार क्रौर्याला मिळाला. हा दोष एकट्या हिंदू समाजाचा नाही. दुःखाला अपराधाचा पुरावा मानण्याची खोड सार्वत्रिक आहे. ख्रिस्ती घरांतही आजारी माणसाच्या उशाशी बसून त्याच्या गुप्त पापाची किंवा दुबळ्या विश्वासाची चर्चा करणारे नातलग आढळतात, आणि पवित्र शास्त्रातील ईयोबाच्या कथेत नेमके असेच मित्र भेटतात. ईयोब हा नीतिमान पुरुष संपत्ती, संतती आणि आरोग्य गमावून राखेत बसतो. त्याला भेटायला आलेले मित्र सात दिवस मौन धरतात तोवर त्यांचे वागणे निर्दोष असते, आणि त्याच्या दुःखाचे कारण त्याच्या पापात शोधू लागताच ते परमेश्वराच्या रोषास पात्र होतात. ईयोब मात्र परमेश्वराला जाब विचारीत राहतो आणि शेवटी त्याचेच बोलणे योग्य होते असा निवाडा मिळतो.

योहानाच्या शुभवर्तमानातील नवव्या अध्यायात हाच प्रश्न आणखी नेमकेपणाने येतो. रस्त्याने जाताना येशू आणि त्याचे शिष्य एका जन्मांध माणसाला पाहतात, आणि शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे स्वतःचे की याच्या आईबापांचे. जन्मापूर्वीच्या कर्माची शंका आणि कुळाच्या दोषाची शंका या दोन्ही गोष्टी या एका प्रश्नात आहेत. हा प्रश्न काशीच्या कोणत्याही घाटावर विचारला गेला असता तरी परका वाटला नसता. येशू दोन्ही पर्याय नाकारतो आणि या माणसाच्या ठायी देवाची कार्ये प्रकट व्हावीत असे म्हणून लगेच कामाला लागतो. तो जमिनीवर थुंकतो, त्या थुंकीने माती कालवतो, ती त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो आणि त्याला शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवतो. शिष्यांच्या दृष्टीने तो आंधळा म्हणजे वादाचा एक विषय होता. येशूच्या हाताखाली तो पुन्हा माणूस होतो. लूकच्या शुभवर्तमानातही बुरूज कोसळून मेलेल्या अठरा जणांविषयी येशू असेच सांगतो की ते यरुशलेमेतील इतरांपेक्षा अधिक अपराधी नव्हते. प्रत्येक दुःखामागे त्या दुःखिताचा अपराध असलाच पाहिजे, हा नियम ख्रिस्ती धर्माच्या मुळाशीच अमान्य झालेला आहे. कृत्यांना परिणाम असतात आणि अन्यायाची फळे भोगावी लागतात हे खरे असले, तरी परिणामांवरून उलट चालत जाऊन माणसाचा न्याय करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

धर्मांतरानंतर गोऱ्हे यांनी हिंदीत ‘षड्दर्शनदर्पण’ हा ग्रंथ लिहिला. तो १८६० मध्ये प्रसिद्ध झाला आणि फिट्झएडवर्ड हॉल यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १८६२ मध्ये निघाले. सहाही दर्शनांची चिकित्सा करणाऱ्या या ग्रंथात त्यांनी, पूर्वजन्म मानल्याखेरीज सुखदुःखाची विषमता समजावता येत नाही हे नैयायिकांचे म्हणणे पुन्हा तपासले आणि या वेळी ते अमान्य केले. वेदान्तावरील त्यांची टीका दुःखाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. अद्वैत वेदान्तात सत्तेचे, म्हणजे असण्याचे, तीन स्तर मानले जातात : ब्रह्माची पारमार्थिक सत्ता, नित्य व्यवहारातील जगाची व्यावहारिक सत्ता आणि दोरीवर भासणाऱ्या सापाची प्रातिभासिक सत्ता. वेदान्ती दुःखाला नित्य व्यवहारात खोटे म्हणत नाही, पण अंतिम अर्थाने ते सत्य नाही असे त्याला म्हणावेच लागते. गोऱ्हे यांनी या त्रिस्तरीय मांडणीवरच प्रश्न उभा केला आणि जीव, त्याचे अज्ञान व त्याचे पाप खऱ्या अर्थाने खरे मानण्याचा आग्रह धरला. त्या आग्रहाचा स्वाभाविक परिणाम असा होतो की दुःखही पूर्णपणे खरे ठरते, आणि जे खरे आहे ते ज्ञानाने विरून जात नाही. ते कोणीतरी सोसावे लागते, त्यात कोणीतरी सोबत करावी लागते आणि शक्य असेल तेथे कोणीतरी ते दूर करावे लागते.

तरीही तरुण नीळकंठशास्त्र्याने विचारलेला प्रश्न प्रौढ गोऱ्हे यांना पुरता सुटला असे म्हणता येत नाही. पूर्वजन्माचा सिद्धांत बाजूला सारला की विषमतेचे कारण सांगण्याची सोय नाहीशी होते आणि अर्भकाची वेदना पुन्हा उघडी पडते. त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात ही वेदना पुस्तकात राहिली नाही. पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यामागे ख्रिस्ती झाल्या. ११ सप्टेंबर १८५३ रोजी काशीत त्यांना मुलगी झाली आणि त्यानंतर थोड्याच काळात लक्ष्मीबाईंचा मृत्यू झाला. तान्ह्या मुलीला नीळमळ्याच्या मालकाच्या युरोपीय कुटुंबाने सांभाळले, तर गोऱ्हे १८५४ मध्ये पंजाबचे पदच्युत महाराज दुलीपसिंह यांच्याबरोबर त्यांचे शिक्षक म्हणून इंग्लंडला गेले. १८५७ च्या उठावात त्या कुटुंबाची मालमत्ता गेल्यावर मुलीचा सांभाळ एका मिशनरी दांपत्याने केला आणि १८६५ मध्ये ती इंग्लंडला गेली. एलन लक्ष्मी गोऱ्हे या नावाने ओळखली जाणारी ही मुलगी १८८० मध्ये स्वदेशी परतली आणि उत्तर भारतात सेवाकार्यात राहिली. ईश्वराच्या सान्निध्यातील आसऱ्याविषयी तिने लिहिलेले इंग्रजी गीत जगभरच्या चर्चमध्ये गायिले गेले. जात, घर, पत्नी आणि मुलीचे बालपण असे एकेक गमावलेल्या माणसाने आपला विश्वास टिकवला, यावरून त्या विश्वासाने त्याला नुकसानीचे कारण समजावून सांगितले होते असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. त्याने त्याला काही वेगळे दिले होते, आणि ते काय होते हे ख्रिस्ताच्या मरणाच्या अर्थाकडे वळल्यावाचून कळत नाही.

ख्रिस्ती सिद्धांताप्रमाणे येशू ख्रिस्त हा पूर्ण देव आणि पूर्ण मानव आहे. ४५१ साली चाल्सेडन येथे भरलेल्या धर्मपरिषदेने हे दोन स्वभाव एकाच व्यक्तीत, परस्परांत मिसळून न जाता आणि परस्परांपासून तुटून न राहता, एकत्र असल्याचे ठरवले. दैवी स्वभाव दुःखातीत आहे, असे प्राचीन चर्च मानत असे, आणि निर्विकार ब्रह्माची कल्पना आत्मसात केलेल्या काशीच्या पंडिताला यात नवे काही वाटण्याचे कारण नव्हते. नवे होते ते याच्या पुढचे विधान, की तो दुःखातीत देव देह धारण करून दुःखाच्या आत आला. गेथशेमाने बागेत त्याला मरणाचे भय वाटले, हा प्याला टळावा अशी त्याने प्रार्थना केली आणि ती प्रार्थना त्याने मागितली त्या रूपात पूर्ण झाली नाही. मित्र झोपी गेले, शिष्य पळाले आणि वधस्तंभावर त्याने देवाने आपल्याला का सोडले असा आक्रोश केला. ईयोबाचा प्रश्न येथे खुद्द देवपुत्राच्या मुखी आला. ज्याला विचारायचे तोच विचारणाऱ्यांच्या रांगेत येऊन उभा राहिला, आणि त्यामुळे दुःखी माणसाची तक्रार ही अश्रद्धा उरली नाही, ती प्रार्थनेचाच एक प्रकार झाली. विसाव्या शतकात नाझी राजवटीच्या तुरुंगात असलेल्या डीट्रिख बॉनहोफर या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने १९४४ मध्ये, दुःख सोसणारा देवच माणसाला साहाय्य करू शकतो अशा अर्थाचा विचार मांडला, आणि युर्गन मोल्टमान यांनी १९७२ च्या आपल्या ग्रंथात क्रूसावरील देव हाच ख्रिस्ती विचाराचा केंद्रबिंदू मानला.

असे असले तरी क्रूस म्हणजे निव्वळ सहानुभूती नव्हे. सोबत बुडणारा माणूस बुडणाऱ्याला वाचवू शकत नाही, म्हणून ख्रिस्ती श्रद्धा क्रूसापाशी न थांबता पुनरुत्थानापर्यंत जाते. या पुनरुत्थानाचे वर्णन करताना योहानाने नोंदवलेली एक गोष्ट विचार करायला लावणारी आहे : मरणावर विजय मिळवलेल्या देहावर खिळ्यांचे व्रण तसेच आहेत, आणि संशयी थोमाला त्या व्रणांवरूनच प्रभूची ओळख पटते. गौरव प्राप्त झाल्यावर घाव पुसून टाकता आले असते, तरी ते पुसलेले नाहीत. जे सोसले ते घडलेच नाही असे म्हणणे किंवा त्याला आभास ठरवणे हा ख्रिस्ती मुक्तीचा मार्ग नाही. सोसलेले सर्व ईश्वराच्या जीवनात सामावून घेतले जाते आणि त्याचा डंख तेवढा निघून जातो, असा हा मार्ग आहे. दुःखाचा अर्थ त्याच्या उगमात सापडला नाही तरी त्याच्या शेवटात सापडेल, ही ख्रिस्ती आशा येथूनच उपजते, आणि ती आशा असल्यामुळे अर्धवट उत्तरांवर समाधान मानण्याची सक्ती श्रद्धाळू माणसावर राहत नाही.

प्रेषित पौलाने आपल्या देहातील एका चिरंतन पीडेचा उल्लेख केला आहे. ती दूर व्हावी म्हणून त्याने तीनदा विनवणी केली, ती दूर झाली नाही, आणि कृपा पुरेशी आहे एवढेच त्याला कळले. अन्यत्र तो आपल्या क्लेशांना ख्रिस्ताच्या क्लेशांतील सहभाग म्हणतो, आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी काढलेल्या पत्रात याच सहभागाचा विस्ताराने विचार केला आहे. हा विचार जितका खोल, तितकाच त्याचा दुरुपयोग सोपा आहे. मार खाणाऱ्या स्त्रीला तिचा क्रूस उचलायला सांगणे, वेठबिगाराला परलोकातील बक्षिसाचे आमिष दाखवून गप्प बसवणे किंवा रोग्याला उपचाराऐवजी सहनशीलतेचा उपदेश करणे, हा ख्रिस्ताच्या नावाने केलेला अन्याय आहे. ज्या येशूने जन्मांधाच्या डोळ्यांना माती लावली, त्याने त्याला अंधत्वात धन्यता मानायला सांगितले नव्हते. यावरून एक नियम निघतो : दुःखाचा अर्थ ज्याचे दुःख त्यानेच सांगायचा असतो, इतरांनी ते हलके करायचे असते. पौलाने आपल्या पीडेविषयी जे म्हटले ते त्याला शोभते. दुसऱ्याच्या पीडेविषयी तेच कोणी म्हटले असते तर तो ईयोबाच्या मित्रांच्या पंक्तीत बसला असता.

या नियमाचे मराठी उदाहरण पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसते, आणि त्या आयुष्याला गोऱ्हे यांचाही स्पर्श झाला आहे. १८७० च्या दशकातील दक्षिणेच्या दुष्काळात रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे आणि त्यांच्यामागोमाग आई लक्ष्मीबाई उपासमारीने गेली. मरणाच्या वाटेवर असलेल्या आईने बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागितला, तेव्हा तो मागायला शेजारच्या दारात उभ्या राहिलेल्या मुलीच्या तोंडून लाजेने शब्द फुटेना. भाकरी मिळाली तेव्हा आईच्या अंगी ती खाण्याइतके त्राण उरले नव्हते. पुढे १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी गेले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटिज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, आणि ख्रिस्ती मताची बौद्धिक बाजू पटण्यात गोऱ्हे यांच्याशी झालेले संभाषण व त्यांचे लेखन यांचा वाटा होता हे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई तेथे गेल्या आणि उपाशी मुली व विधवा यांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातून उभे राहिले. आईबापांच्या भुकेचे कारण त्यांनी कोणाच्या पापात शोधले नाही, आणि ती भूक देवाने आपल्या भल्यासाठी पाठवली असा सोपा निष्कर्ष इतरांच्या गळ्यात बांधला नाही. भूक काय असते हे त्यांना ठाऊक होते, म्हणून भुकेल्यांकडे जाणे त्यांना टाळता आले नाही. त्यांच्या दुःखाचा अर्थ केडगावच्या शेकडो पानांवर वाढलेल्या अन्नात साकार झाला, आणि तरीही त्यामुळे आईचा मृत्यू योग्य होता असे ठरत नाही. दुःखातून चांगले निपजणे आणि दुःख चांगले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गोऱ्हे यांचे स्वतःचे दुःख अधिक अदृश्य होते. अनंत शिक्षेविषयी आपणच उभा केलेला आक्षेप त्यांना धर्मांतरानंतरही छळत राहिला. चर्चची शिकवण मान्य करूनही शंकांनी त्यांचा पिच्छा सोडला नाही. ऑक्सफर्डजवळच्या कौली येथील संन्यस्त धर्मगुरूंच्या संघाशी ते निगडित झाले, अत्यंत साधेपणाने राहिले, मुंबई-पुण्याकडे अध्यापन व धर्मकार्य करीत राहिले आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. शंका ही विश्वासाची उणीव मानली जाते, पण गोऱ्हे यांच्या बाबतीत ती त्यांच्या न्यायबुद्धीची खूण होती. नरकात कोणीतरी अनंत काळ तळमळत राहील ही कल्पना ज्याला सहन होत नाही, तो दुसऱ्याच्या दुःखाविषयी बेपर्वा नसतो, आणि अशा माणसाची शंका ही ईश्वराच्या प्रेमावरील विश्वासातूनच बळ घेते. बुद्धीला पुरेसे समाधान नसतानाही प्रार्थना, संस्कारविधी आणि सेवा यांत स्थिर राहणे हाही क्रूस आहे, आणि बुद्धिमान माणसाला तो सर्वांत जड जातो.

आजच्या काशीत हा विषय पंडितांच्या वादसभेतून खेड्यापाड्यांत पोहोचला आहे. १९४१ मध्ये काशीत स्थापन झालेल्या इंडियन मिशनरी सोसायटी या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचा मातृधाम आश्रम शहराच्या वेशीबाहेर हरहुआजवळ आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तेथे भरणाऱ्या प्रार्थनासभांना आसपासच्या गावांतून मोठ्या संख्येने लोक येतात. त्यांत बहुतेक स्त्रिया, दलित आणि मागास जातींतील गरीब कुटुंबे असतात. त्यांतील पुष्कळांनी बाप्तिस्मा घेतलेला नाही आणि ते स्वतःला ख्रिस्तभक्त म्हणवतात. जुनाट आजार, दारुडा नवरा, कर्ज, मुलाचे व्यसन अशी गाऱ्हाणी घेऊन आलेली ही माणसे उघड्या सभेत आपली साक्ष देतात, म्हणजे आपल्यावर काय ओढवले आणि प्रभूने कसे सांभाळले ते सर्वांसमोर सांगतात. ज्यांच्या दुःखाची कथा गावात कोणी ऐकून घेतलेली नसते, त्यांना येथे श्रोते मिळतात. प्रत्येकाचा आजार बरा होत नाही, आणि बरे न झालेल्यांच्या विश्वासात खोट आहे असे म्हणणे हे पुन्हा जुन्याच हिशेबाकडे वळणे ठरेल. पण आपले दुःख आपल्या नीचपणाचा पुरावा नाही, हे ऐकायला मिळणे हीच त्यांतील अनेकांची पहिली सुटका आहे.

मराठी मनाला हा विचार सर्वस्वी अनोळखी नाही. सतराव्या शतकातील भीषण दुष्काळात ज्यांची पत्नी अन्नावाचून गेली, त्या तुकोबांनी आपल्या विपत्तीला भक्तीच्या वाटेत स्थान दिले, आणि कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यावरही तुकोबांना आपले मार्गदर्शक मानत राहिले. भक्तिमार्ग आणि ख्रिस्ती मार्ग यांत भेद आहेत आणि ते पुसून टाकण्यात कोणाचेच हित नाही. तरी दुःखाच्या क्षणी देवाशी भांडण्याचा हक्क दोहोंनी राखला आहे, आणि काशीच्या पंडिताला ख्रिस्ताकडे नेणारा प्रश्न महाराष्ट्राच्या वारकऱ्याला समजणे त्यामुळे अवघड जात नाही.

या साऱ्या विवेचनाचा निष्कर्ष असा की वैयक्तिक दुःखातील ख्रिस्ती अर्थ हे दुःखाच्या कारणाचे ज्ञान नाही. नीळकंठशास्त्र्यांनी विशीत विचारलेल्या प्रश्नाला ख्रिस्ती धर्माकडे तर्काने सिद्ध होणारे पूर्ण उत्तर नाही, आणि ते असल्याचा आव आणणाऱ्याने गोऱ्हे यांच्या शंकांचा अपमान केला असे होईल. ख्रिस्ती धर्म तीन गोष्टी देतो : दुःख हा दुःखिताच्या अपराधाचा पुरावा नाही हा निर्वाळा, देव स्वतः दुःखात उतरला आहे म्हणून सोसणारा एकटा नाही हा विश्वास, आणि शेवटचा शब्द दुःखाचा नसेल ही आशा. या तिन्हींची कसोटी तर्कसभेत लागत नाही, कारण त्या खऱ्या आहेत की नाहीत हे त्या मानणाऱ्यांच्या वागण्यावरून ठरते. ज्या समाजात ख्रिस्ताचे नाव घेणारे लोक रोग्याजवळ त्याच्या पापाची चर्चा न करता त्याचे अंथरूण बदलतात, भुकेल्याला कारणे न सांगता ताट वाढतात आणि शंकेने ग्रासलेल्या माणसाला आपल्यातून काढून न लावता त्याच्यासोबत प्रार्थना करतात, तेथेच दुःखाला अर्थ आहे असे म्हणण्याचा अधिकार त्यांना प्राप्त होतो.